कुत्रं पाळायचं की मांजर? घर जंगलाशेजारी असेल तर आधी हे वाचा



गटाच्या बैठकीत बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले, की मग खरे विषय निघतात. मागच्या महिन्यात आमच्या बैठकीत असंच झालं. एक ताई म्हणाली, "उंदरानं कोठीचा पार नाश केला बाप्पा. एखादं मांजर आणाव म्हणते." शेजारची लगेच बोलली, "मांजर कायले? कुत्रं आण. शेळ्या हायेत ना तुह्याकडं. रात्री भुंकन तरी." तिसरी म्हणाली, "कुत्रं आणलं तर त्याच्या मागं बिबट येते, मांजर आणलं तर कोंबडीचे पिल्लं जाते. मंग बाईनं करावं काय?"

सगळ्या हसल्या. पण प्रश्न तसाच राहिला. घरात प्राणी आणायचं घरातले सगळे मिळून ठरवतात. त्याला खायला घालणं, त्याची घाण काढणं, लेकराला ओरखडा आला तर दवाखान्यात धावणं हे मात्र बाईच्याच वाट्याला येतं. म्हणून या अंकात या विषयावर नीट लिहायचं ठरवलं.

आधी काम ठरवा, मग प्राणी

शहरात कुत्रं-मांजर हौसेसाठी पाळतात. आपल्याकडं हौस असतेच, पण त्यासोबत कामही असतं. म्हणून घरात आणायच्या आधी स्वतःला एकच गोष्ट विचारा: आपल्याला त्रास कशाचा आहे?

त्रास उंदरांचा असेल तर कुत्रं आणून उपयोग नाही. त्रास रात्री वावरात शिरणाऱ्या रानडुकरांचा किंवा चोरांचा असेल तर मांजर काही करणार नाही. दोन्ही त्रास असतील तर दोन्ही पाळता येतात. लहान असतानाच सोबत आणले तर कुत्रं आणि मांजर एका आंगणात सुखानं राहतात.

कुत्र्याचं काम: खबर देणं

कुत्र्याचं नाक आणि कान आपल्यापेक्षा कितीतरी तेज असतात. अंधारात काही हाललं की आपल्याला कळायच्या आधी त्याला कळतं. घरी कुणी अनोळखी आलं, कोठ्याजवळ साप निघाला, वावराच्या धुऱ्यावर डुकरांचा कळप आला, तर कुत्रं भुंकून सांगतं. जागलीला जाणाऱ्या माणसाला त्याचा मोठा आधार असतो. ज्या घरात नवरा बाहेरगावी कामाला आणि बाई लेकरांसोबत एकटी, तिथं तर कुत्रं म्हणजे घरातला आणखी एक जागा माणूसच.

यासाठी महागड्या जातीचं पिल्लू विकत घ्यायची काहीच गरज नाही. केसाळ, परदेशी कुत्र्यांना चंद्रपूरचा उन्हाळा सोसत नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गावठी कुत्रं या उन्हात तगतं, भाकरी-भात खाऊन राहतं आणि कमी आजारी पडतं.

पण एक लक्षात ठेवा. कुत्र्याचं काम खबर देण्याचं आहे, वाघा-बिबट्याशी लढायचं नाही.

बिबट आणि कुत्रं: ही बाजू लपवू नका

आपला भाग वाघाचा आहे, हे राजुऱ्याच्या बाईला सांगायची गरज नाही. राजुरा आणि विरूर परिसरात अनेकांचा जीव घेणारा आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये वन विभागानं पकडला. त्याआधीचे दिवस आपण सगळ्यांनी काढले आहेत. वावरात एकटं जायचं नाही, पाच वाजले की घरी परत, असे ते दिवस होते.

बिबट्याची गोष्ट वाघापेक्षा थोडी वेगळी आहे. बिबट गावाजवळ राहायला शिकतो, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात, जिथं आजूबाजूला ऊस आणि वस्ती आहे, तिथं अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेतून त्याचं खाणं शोधलं. तो अभ्यास २०१४ साली छापून आला. वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात ८७ टक्के पाळीव किंवा गावातले प्राणी निघाले आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. म्हणजे शेळी-मेंढीपेक्षा कुत्रीच जास्त. मांजरंही त्याच्या खाण्यात सापडली.

याचा अर्थ कुत्रं पाळूच नये असा नाही. रात्री कुत्र्याला कुठं ठेवायचं हे मात्र ठरवावं लागेल.

आंगणात खुंटीला साखळीनं बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेलं ताट. ते पळू शकत नाही. आणि बिबट त्याला न्यायला आला की तो तुमच्या दारात, झोपलेल्या लेकरापासून दहा पावलांवर येतो. म्हणून रात्री कुत्र्याला घरात, पडवीच्या आत किंवा चारी बाजूंनी बंद आणि वरून झाकलेल्या कोठ्यात ठेवा. आतून भुंकलं तरी खबर मिळतेच. रात्री ते जोरानं भुंकायला लागलं तर दार उघडून बाहेर धावू नका. आधी आतून लाइट लावा, आवाज करा, शेजाऱ्यांना हाका मारा.

आणखी एक गोष्ट गावानं मिळून करायची आहे. उकिरड्यावर कोंबडीची आतडी, मटणाचे तुकडे, मेलेली जनावरं टाकली की त्यावर मोकाट कुत्री वाढतात. कुत्री वाढली की त्यांच्या मागं बिबट येतो. घाण झाकली की दोन्ही कमी होतात.

मोहफुलाला जाताना कुत्रं घरी ठेवा

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्त्याला आपण जातो. बऱ्याच जणींच्या मागं घरचं कुत्रं येतं. वाटतं, सोबत आहे, बरंच आहे. पण कुत्रं झुडपात शिरून वास काढत फिरतं. तिथं बिबट किंवा अस्वल असलं की ते घाबरून कुठं पळतं? मालकिणीकडं. मागचं जनावरही तुमच्याकडंच येतं. त्यात फुलं वेचताना आपण वाकलेल्या असतो, आणि वाकलेला माणूस जनावराला माणूस वाटत नाही. म्हणून कुत्रं घरी बांधून, चार-पाच जणींनी मिळून, आवाज करत जा.

कुत्र्यानं जंगलात ससा, हरिण किंवा डुकराचं पिल्लू धरलं तर तेही आपल्यावरच येतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि कुत्रं सोडून केलेली शिकारही त्यात मोडते.

शिवाय कुत्र्याचे काही रोग जंगलातल्या जनावरांना लागतात. गुजरातच्या गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह मेले. त्यातल्या अनेकांमध्ये डिस्टेंपर हा रोग सापडला. हा रोग मुळात कुत्र्यांमध्ये पसरणारा. आपल्या कुत्र्याला याची लस देता येते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

मांजराचं काम: कोठी राखणं

आता मांजराकडं वळू. तिचा आणि आपला संबंधच धान्यातून आला. माणूस शेती करायला लागला, धान्य साठवायला लागला, उंदीर आले आणि उंदरांच्या मागं मांजर आली. ही गोष्ट नऊ-दहा हजार वर्षांपूर्वीची, पश्चिम आशियातली.

उंदीर किती खातो याचा हिशेब आपण वहीत मांडू. एक मोठा उंदीर रोज अंदाजे २० ग्रॅम धान्य खातो. घरात दहा उंदीर असतील तर रोजचे २०० ग्रॅम. वर्षाचे झाले ७३ किलो. म्हणजे पोत्याहून जास्त धान किंवा तूर गेली. आणि हे फक्त खाल्लेलं. मूत-लेंड्यांनी खराब केलेलं, पोती कुरतडून सांडलेलं वेगळंच. उंदरी एकवीस-बावीस दिवसांत विते आणि एका वेळी सहा ते दहा पिल्लं देते. आज दोन दिसले तर पावसाळ्यानंतर किती होतील ते बघा.

नुकसान धान्यापुरतंच नाही. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांमुळं स्क्रब टायफस होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात या तापाची साथ आली होती. आणि उंदीर जिथं, साप तिथं. नाग उंदरासाठीच घरात येतो. मण्यार रात्री फिरते आणि खाली झोपलेल्या माणसाला चावते. घरात उंदीर कमी म्हणजे सापाला यायचं कारण कमी.

पण मांजर आणली की उंदीर संपले, असं समजू नका. मांजर लहान उंदीर आणि पिल्लं मारते. मोठ्या घुशीच्या वाट्याला ती सहसा जात नाही. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात कचऱ्याच्या एका केंद्रात अभ्यासकांनी ७९ दिवस कॅमेरे लावून मोठे उंदीर आणि मांजरांवर नजर ठेवली. हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. एवढ्या दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन. मात्र मांजर आसपास असली की उंदीर उघड्यावर कमी यायचे. म्हणजे मांजराचा अर्धा उपयोग धाकाचा आहे.

म्हणून मांजरासोबत पत्र्याची कोठी, जमिनीपासून उंच लाकडी फळीवर ठेवलेली पोती, बुजवलेली बिळं आणि सापळाही पाहिजे. मांजर असलेल्या घरात उंदराचं विष ठेवू नका. विष खाऊन सुस्त झालेला उंदीर मांजर सहज धरते आणि तीही मरते. कुत्र्याचंही तसंच होतं.

मांजराच्या अडचणी

कोंबड्या पाळणाऱ्या ताईंना मांजराची भीती असते आणि ती खरी आहे. मोठ्या कोंबडीच्या अंगावर मांजर जात नाही, पण महिना-दीड महिन्याच्या आतली पिल्लं ती उचलते. गावरान कोंबडीपालनासाठी गटाचं कर्ज काढलं असेल तर पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत बारीक जाळीच्या खुराड्यातच ठेवा. हे तसंही मुंगूस आणि घारीसाठी करावंच लागतं.

आणखी एक गैरसमज. "मांजराला दूध दिलं की झालं." मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजर मांसाहारी प्राणी आहे. नुसत्या दूध-भातावर ती नीट जगत नाही, तिची नजरही जाऊ शकते. उंदीर तिला मिळतातच, पण आठवड्यातून काही वेळा मासळीचं डोकं, शिजलेलं अंडं किंवा मांसाचे तुकडे द्या. भुकेली मांजर जास्त उंदीर मारते हेही खरं नाही. पोट भरलेली मांजरही शिकार करते, आणि ती शेजाऱ्यांच्या घरात चोरायला जात नाही.

आणि मांजर आडवी गेली म्हणून काम बिघडतं, हे मनातून काढून टाका. ती आपल्या कामाला निघालेली असते, आपण आपल्या कामाला.

खर्च: हा रोजचा हप्ता आहे

पिल्लू फुकट मिळतं, म्हणून आपण घेऊन येतो. पण पाळीव प्राणी कर्जासारखा असतो. घेणं सोपं, हप्ता रोजचा. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं, मांजर बारा-पंधरा.

कुत्र्याला रोज दोन वेळचं खाणं लागतं. घरातली भाकरी, भात, वरण चालतं, सोबत अधूनमधून अंडं. मसाल्याचा रस्सा, कांदा-लसूण देऊ नका. शिजवलेल्या कोंबडीची हाडं देऊ नका, ती फुटून आतड्यात टोचतात. बकरं कापलं की कच्चं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला टाकायची सवय असते, तीही सोडा. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक जंत वाढतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काळजात पाण्याच्या गाठी होतात.

मांजराचं खाणं कमी, ती स्वतःला स्वच्छ ठेवते, गाव सोडून चार दिवस जावं लागलं तर शेजारीण सांभाळू शकते. कुत्र्याला माणूस लागतो. त्याला एकटं सोडून गेलात तर ते भुंकून भुंकून गाव जागं ठेवेल.

मादी असेल तर पिल्लांचा विचार आधीच करा. कुत्री आणि मांजर दोघी दोन महिन्यांत वितात. कुत्री वर्षात दोनदा, मांजर दोन-तीनदाही. ती पिल्लं कुठं जातात, हे आपल्याला माहीत आहे: पोत्यात भरून गावाबाहेर. हे पाप आणि धोका दोन्ही आहे, कारण तीच पुढं मोकाट होतात. नसबंदीची शस्त्रक्रिया कुठं होते, हे जनावरांच्या दवाखान्यात विचारा.

सगळ्यात मोठी गोष्ट: पिसाळणं

रेबीज झाला, लक्षणं दिसली, की माणूस वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग पूर्णपणे टळतो. जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के कुत्र्यामुळं होतो. पण मांजर चावली किंवा ओरबाडली तरी होऊ शकतो. "मांजरच तर आहे" म्हणून घरी बसू नका.

चावलं की असं करा:

- लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम १५ मिनिटं धुवा. घड्याळ बघून १५ मिनिटं.
- जखमेवर तिखट, चुना, तेल, हळद काहीही लावू नका. बांधू नका.
- त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथं मोफत मिळते. पहिली सुई घेतल्यानंतर पुढच्या सुया साधारण तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी असतात. कार्डावरची एकही तारीख चुकवू नका. कापूस वेचणी असली तरी.
- जखमेतून रक्त आलं असेल किंवा ती खोल असेल, तर जखमेत द्यायची सीरमची वेगळी सुई लागते. डॉक्टरांना तसं विचारा.
- चावणारं कुत्रं किंवा मांजर ओळखीचं असेल तर मारू नका, दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. पण त्यासाठी लस थांबवू नका.
- मंत्र, गंडा, झाडपाला यात दिवस घालवू नका.

घरच्या कुत्र्या-मांजराला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्या आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. पिल्लांना जंताचं औषध द्या. गोचीड-पिसवा काढा.

गरोदर बाई आणि लहान लेकरं

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू पसरू शकतो. गरोदरपणात तो पहिल्यांदा लागला तर पोटातल्या बाळाला धोका असतो. म्हणून घरात सून गरोदर असेल तर मांजर हाकलून द्यायची गरज नाही, पण तिची घाण दुसऱ्या कुणी काढावी. सुनेनं वाफ्यात माती उकरल्यावर हात साबणानं धुवावेत, भाजी धुऊन घ्यावी आणि मटण पूर्ण शिजवूनच खावं.

लेकरांना तीन गोष्टी शिकवा. खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही. पिल्लं असलेल्या कुत्रीजवळ जायचं नाही. आणि कुत्रं किंवा मांजर चावली, ओरबाडली, तर मार मिळेल म्हणून लपवायचं नाही, लगेच आईला सांगायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. लेकरू आपल्या रागाला भिऊन गप्प राहतं आणि वेळ निघून जाते.

मग कुणी काय पाळावं?

*कुत्रं पाळा*, जर घर गावाच्या टोकाला किंवा वावरात असेल, शेळ्या-जनावरं असतील, घरात कुणी ना कुणी कायम असेल आणि रात्री त्याला आत ठेवायला बंद जागा असेल. ही शेवटची अट पूर्ण होत नसेल तर आधी कोठा बंद करा, मग पिल्लू आणा.

*मांजर पाळा*, जर धान, तूर, सोयाबीन घरातच साठवत असाल, घर लहान असेल, दिवसभर सगळे मजुरीला जात असाल आणि कोंबडीची पिल्लं जाळीत ठेवता येत असतील.

*दोन्ही पाळू नका*, जर लसीसाठी वर्षातून एकदा दवाखान्यात जाणं जमणार नसेल. हे कठोर वाटेल, पण बिनलसीचं कुत्रं घरात ठेवणं म्हणजे लेकरासोबत जुगार खेळणं आहे.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीसाठी एक विषय

गावातल्या १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांना लस झाली तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे काम एकटीच्या घरानं होत नाही, पण गटांनी होतं. प्रत्येक गटानं आपल्या आळीतली पाळीव आणि मोकाट कुत्री मोजावीत. पशुसखीनं यादी एकत्र करावी. ग्रामसंघानं ठराव करून ती यादी ग्रामपंचायतीला आणि जनावरांच्या दवाखान्याला द्यावी आणि लसीकरणाचं शिबिर मागावं. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या दिवसाच्या निमित्तानं शिबिर मागितलं तर अधिकाऱ्यांनाही नाही म्हणणं जड जातं.

हे नंबर दारामागं लिहून ठेवा: आजारी जनावरासाठी १९६२, जंगली जनावर गावात दिसलं तर वन विभागाचा १९२६, आणि माणसाला दवाखान्यात न्यायला १०८.

आणि त्या बैठकीतल्या ताईचं काय झालं म्हणाल, तर तिनं आधी पत्र्याची कोठी घेतली, मग मांजर आणली. शेळ्यांच्या कोठ्याला दार बसवायचं काम चालू आहे. दार बसलं की पिल्लू आणणार म्हणते.